अर्धं दशक रत्नाकडे

अमेरिका मी शिकले ती मिरच्यांच्या खोलीत. धाड या गावी आमचं घर अगदी कडेला, मळ्याला लागून होतं आणि गोठ्याच्या बाजूला एक लांबट पत्र्याची खोली होती. हंगामात तिथे लाल मिरच्यांचे ढीग पडलेले असत आणि दिवसभर बायका देठं खुडत बसायच्या. नव्या माणसाला त्या खोलीत उभंही राहवत नसे, ठसक्यावर ठसका आणि नाकाडोळ्यांतून धार. आम्हाला सवय होती. बोटांच्या आगीची मात्र कुणालाच सवय झाली नाही, वहीचं पान उलटताना चुकून डोळ्याला हात लागला की अर्धा तास अभ्यास बंद. बाहेर विहिरीवरचं इंजिन ठकठक करत असायचं, रस्त्यावर बुलढाण्याची एसटी चढ चढताना कण्हायची, बायकांच्या गप्पांत कुणाची सून, कुणाची म्हैस असं चाललेलं असायचं. आणि या सगळ्यात मी आणि रत्ना अमेरिकेतल्या एका दशकाची घोकंपट्टी करत बसलेल्या असायचो. आजही फोडणीत लाल मिरची पडली की मला आधी ते साठचं दशक आठवतं, मग भाजी.

रत्ना म्हणजे रत्नमाला, आमच्याकडे कामाला येणाऱ्या वच्छलामावशींची मुलगी. बुद्धविहाराच्या मागे त्यांचं घर. गावातून एम.ए.पर्यंत पोचलेल्या मुली आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री झाली असं म्हणण्यापेक्षा दुसरं कुणी नव्हतंच असं म्हटलेलं बरं. पुढे ती खरीच मैत्री झाली. ती आईबरोबर देठं खुडायला यायची म्हणून तिच्या येण्याजाण्याला कुणाची हरकत नव्हती. हात कामात, डोळे वहीत. इतिहासाचे बाकी सगळे पेपर आमचे निघाले होते, हा एकच अडकला होता, अमेरिकेचा इतिहास. आदल्या खेपेला दोघीही त्यात आपटलो होतो.

या खेपेला मी आपटले तर काय होणार हे घरात ठरलेलं होतं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "इमल, यंदा पास झाली त मास्तरणीचं पाहू. नाही झाली त देऊळगावच्या पाहुण्याले हो म्हणून टाकतो." देऊळगावचे पाहुणे म्हणजे दोन मुलांचे वडील, बायको वारलेली. माणूस वाईट नव्हता म्हणे. पण मला त्या घरी चूल फुंकायला जायचं नव्हतं. मला खडू हातात धरायचा होता. ही माझी एवढीच इच्छा होती, आणि ती इतकी मोठी होती की तिच्यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं. रत्नाचं काय पणाला लागलंय हे मी तिला एकदाही विचारलं नाही. वच्छलामावशी तिच्या वाटचंही काम ओढतात आणि ही खेप शेवटची, एवढं ती एकदा स्वतःहून म्हणाली होती. मी "हं" म्हटलं आणि पान उलटलं.

त्या दशकावर कॉलेजच्या ग्रंथालयात एकच पुस्तक होतं, जाडजूड आणि इंग्रजी. ते घरी मिळत नसे. ओळखपत्र ठेवायचं, टेबलाशी बसायचं आणि एसटीची वेळ होईपर्यंत उतरवून घ्यायचं, तेही मांडीवर शब्दकोश घेऊन, थेट मराठीत. दोघींनी सगळंच उतरवायचं म्हटलं तर वर्ष पुरलं नसतं. म्हणून आम्ही ते दशक, भावाभावांत शेत वाटतात तसं, मधोमध वाटून घेतलं. पहिली पाच वर्षं माझ्या वहीत, पुढची पाच रत्नाच्या. तिच्याकडे युद्ध, युद्धाला नाही म्हणणारी पोरं, जळणारी शहरं, रस्त्यावर उतरलेल्या बायका आणि चंद्रावर गेलेला माणूस. माझ्याकडे बसमधल्या जागा, शाळांचे दरवाजे, मोर्चे आणि दुकानातल्या काउंटरवर बसून राहिलेले विद्यार्थी. परीक्षेआधी वह्यांची अदलाबदल करायची असं ठरलं. आम्हाला तेव्हा आपल्या हुशारीचा अभिमान वाटला होता.

त्या दिवशी मी माझ्या वहीतून मोठ्याने वाचत होते. दक्षिणेकडच्या एका गावात चार काळे विद्यार्थी एका दुकानात गेले. त्यांनी किरकोळ सामान घेतलं आणि मग खाण्यापिण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. तिथे फक्त गोऱ्यांना बसायला मिळायचं. त्यांना कुणी काही दिलं नाही. ते उठले नाहीत. दुकान बंद होईपर्यंत बसले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, बरोबर आणखी मुलं घेऊन. पुढे इतर गावांतही असंच झालं, आणि काही ठिकाणी गोऱ्या पोरांनी त्यांच्या डोक्यावर साखर ओतली, सॉस ओतला. सॉस म्हणजे काय हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं. शब्दकोशात 'चटणी' होतं. रत्नाने हातातली मिरची तशीच धरून विचारलं,

"चहा मांगतला का त्यायनं?"

"कॉफी."

"अन् दिली काऊन नाही?"

"काळे होते म्हून."

"सामान त दिलं ना त्याच दुकानातून?"

"हाव."

ती हसली. "म्हंजे त्याईचे पैसे चालतात, तोंड नाही चालत."

तेवढ्यात माय किटली घेऊन आली. आता हे सांगायलाच हवं. मिरच्यांच्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक कप उपडा ठेवलेला असायचा, कान तुटलेला, निळ्या रेघेचा. त्याला घरात 'बाहेरचा कप' म्हणत. रत्ना तो स्वतः काढायची, पुढे धरायची, माय वरून चहा ओतायची, रत्ना प्यायची, विसळायची आणि परत उपडा ठेवायची. दोन वर्षं मी हे पाहत होते. कधी मायचे हात गुंतलेले असले तर मीही वरून ओतलेला आहे. मला त्यात काही वाटत नव्हतं, अगदी खरं सांगते, काहीच वाटत नव्हतं. त्या दिवशी रत्नाने कप काढला, चहा घेतला, कप विसळला आणि तो उपडा ठेवताना जरा वेळ हातात धरून पाहिला. मग देठं खुडायला बसली. मी पुढचा परिच्छेद वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिरच्यांच्या खोलीत गेलीच नाही. धुतलेली साडी नेसून, वही छातीशी धरून ती सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली आणि पिठाच्या डब्याशेजारी भिंतीला टेकून खाली बसली. माय भाकरीचं पीठ मळत होती. चुलीवर तवा तापलेला होता, बाजूला वैलावर आंबाडीची भाजी रटरटत होती. रत्ना म्हणाली, "काकू, मले चहा द्या. घरातल्या कपात." आवाज चढा नव्हता. तिने वही उघडून मांडीवर ठेवली, पण पान पालटलं नाही.

मायच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. ती इतकंच म्हणाली, "पोरी, मले काही नाही वं. पण भावकी हाय. उद्या माह्या दारात जेवाले कोण येईन?"

"भावकीले मी नाही मांगून राह्यली, काकू. तुमाले मांगून राह्यली."

माय उठली. तिने चुलीतली जळती लाकडं एक एक करून बाहेर ओढली, राखेत दाबली, तवा उतरवला, भाजी तशीच अर्धकच्ची झाकली. मळलेल्या पिठावर परात उपडी घातली आणि म्हणाली, "आज चूल नाही." मग ती उंबऱ्याशी बसून राहिली. आमच्या घरात कुणी रत्नाच्या अंगावर हात टाकला नाही, शिवी दिली नाही, डोक्यावर चटणी ओतली नाही. फक्त चूल बंद झाली. तिला द्यावं लागू नये म्हणून घर उपाशी राहायला तयार होतं. मी पुढे किती पुस्तकं वाचली, पण एवढी सोपी युक्ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

दुपार झाली. भाऊ मळ्यातून भुकेले आले, दारातून आत पाहिलं, मायकडे पाहिलं आणि मागे वळले. कालच्या भाकरीची टोपली रत्नाच्या पलीकडे होती आणि पाण्याचा माठही. ते विहिरीवर जाऊन पाणी प्यायले आणि लिंबाखाली बसले. इंजिन बंद होतं. मिरच्यांच्या खोलीतल्या बायका कुजबुजत होत्या. वच्छलामावशी दारापर्यंत आल्या आणि मुलीला म्हणाल्या, "ऊठ माय, चाल घरी." रत्नाने नुसती मान हलवली. मावशी परत जाऊन देठं खुडत बसल्या. त्यांना कामावरून कुणी उठवलं नाही आणि त्याही उठल्या नाहीत. मी मधल्या दारात उभी होते. ना आत, ना बाहेर.

तेव्हा रत्नाने माझ्याकडे पाहिलं. "इमल, तुले त येते ना चहा? तूच मांड."

काडेपेटी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात होती. मी ती घेतली.  चुलीपाशी जाऊन मी खाली बसले, दोन लाकडं पुढे सरकवली. मागून मायचा आवाज आला, अगदी हलका, जणू मीठ दे म्हणते आहे. "पेटव. पेटव अन् मंग परीक्षेचं नाव काढू नको. भाऊले सांगतो, देऊळगावले निरोप धाडा."

 रत्ना माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खात्री होती. माझ्यावर एवढी खात्री त्याआधी आणि त्यानंतर कुणी ठेवली नाही. मी काडेपेटी चुलीच्या भिंतीवर ठेवली आणि उठून परसात गेले. तिथे तुळशीपाशी उभी राहून मी मनातल्या मनात माझ्या वहीतला पुढचा मुद्दा आठवायचा प्रयत्न केला. तो आठवला. याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दिवेलागणीला रत्ना उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून भिंतीला धरून उभी राहिली. दारात माझ्याजवळ थांबून म्हणाली, "तुह्या वहीत हे नाही लिवलं वं. बसून बसून अंग लई दुखते." आणि गेली. माय लगेच उठली. आधी तिने ती जागा शेणाने सारवली, मग चूल पेटवली. आम्ही तिघांनी भाकरी, अर्धकच्ची आंबाडी आणि ठेचा खाल्ला.  मी दोन भाकरी खाल्ल्या. त्या गोड लागल्या, हे मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून वच्छलामावशी आल्या नाहीत. मी एकटीच मिरच्यांच्या खोलीत बसून माझं अर्धं दशक पाठ करत होते, आणि परीक्षा आठ दिवसांवर आली होती. पहिली पाच वर्षं बरीचशी पाठ झाली. पुढे अंधार. युद्ध कुणाशी, कशासाठी, पोरं काय जाळत होती, शहरं कशाने पेटली, काही म्हणजे काही नाही. ग्रंथालय परीक्षेच्या बैठकव्यवस्थेसाठी बंद. चौथ्या दिवशी मी घरी न सांगता बुद्धविहाराच्या मागे गेले. मी माफी मागायला गेले असं म्हणायला मला आवडलं असतं. मी वही मागायला गेले होते.

वच्छलामावशींनी मला आत घेतलं, सतरंजीवर बसवलं. काही विचारलं नाही. त्यांनी चहा केला आणि फळीवरचा कप काढला, पांढरा, सोनेरी काठाचा, पाहुण्यांसाठी ठेवलेला. तो त्यांनी पदराने दोनदा पुसला आणि कपबशी माझ्या हातात दिली. त्या घरात मी पाणीसुद्धा कधी प्यायले नव्हते. रत्ना समोर बसून पाहत होती. मी तो चहा प्यायले, शेवटच्या घोटापर्यंत, आणि पिताना माझ्या मनात एकच होतं, की नाही म्हटलं तर वही मिळणार नाही.

रत्नाने वही दिली. मला वाटलं होतं बोलणी बसतील, निदान अबोला तरी. ती म्हणाली, "घिऊन जाय. माह्यं पाठ झालं." मग जरा थांबून, "अन् तुही?"

मी माझी वही आणलीच नव्हती. निघताना ती हातात घ्यावी हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. "उद्या आणून देते," मी म्हटलं.

उद्या मी गेले नाही. तिची वही वाचत होते. अक्षर बारीक, ओळी सरळ, जिथे शब्द अडला होता तिथे समासात तिने स्वतःचं लिहिलेलं. परवाही गेले नाही, कारण आता माझीही वही मला पुन्हा एकदा हवी होती. एकदा सगळं सलग वाचून काढू, मग देऊ. मग बाजाराचा दिवस आला आणि भाऊ म्हणाले, दुपारच्या गाडीने बुलढाण्याला आत्याकडे चल, तिथूनच परीक्षा दे. स्टँडवर बाजाराची गर्दी होती, जीपवाले ओरडत होते, कोथिंबिरीचे भारे एसटीच्या टपावर चढत होते. मी खिडकीशी बसले, मांडीवर पिशवी. भाऊ शेजारी. आणि गर्दीतून वच्छलामावशी खिडकीखाली आल्या. पळत आल्या असाव्यात, दम लागला होता.

"बाई, वही देतो म्हणली होतीस. पोरगी दोन दिवसांपासून वाट पाहून राह्यली."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवरच्या पिशवीत दोन्ही वह्या होत्या. नुसता हात घालून एक काढायची होती. पेपरला दोन दिवस उरले होते, आणि बसून राहण्याच्या आंदोलनांची कारणं मला अजून क्रमाने आठवत नव्हती.

"मावशी, घरीच राह्यली वं वही," मी म्हटलं.

मावशींनी पिशवीकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी हे आठवते आहे, पण त्यांचे डोळे त्या क्षणी कुठे होते ते मला आठवत नाही. "बरं बाई," त्या म्हणाल्या. "नीट लिवजो." गाडी सुटली.

पेपरात तोच प्रश्न आला. साठच्या दशकातील अहिंसक आंदोलनांचे स्वरूप व परिणाम. रत्ना माझ्या दोन बाकं पुढे होती. तिने प्रश्नपत्रिका वाचली, पेन खाली ठेवलं, खूप वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग थोडंसं काही लिहिलं आणि घंटेच्या पुष्कळ आधी उठून गेली. मी पुरवणी मागून मागून लिहीत होते. विद्यार्थ्यांनी उठायला कसा नकार दिला, त्यांच्या शांतपणातून देशाची सदसद्विवेकबुद्धी कशी जागी झाली, असं सगळं. काउंटरच्या पलीकडे हातात किटली धरून उभ्या राहिलेल्या बाईबद्दल पुस्तकात एकही ओळ नव्हती, म्हणून मीही लिहिली नाही.

मी पास झाले. देऊळगावला नकार गेला, माझ्या हातात खडू आला आणि पस्तीस वर्षं राहिला. रत्नाचा तो पेपर पुन्हा राहिला. निकालानंतर लवकरच मायलेकी जालन्याकडे नातेवाइकांकडे गेल्या, आणि मी शोध घेतला नाही. घ्यायला हवा होता असं दरवर्षी वाटायचं, आणि दरवर्षी मी शाळेत हाच धडा शिकवून घरी यायचे. मुली म्हणत, मॅडम हा धडा किती मनापासून शिकवतात, मॅडमचे डोळे भरून येतात. तिने त्या पेपरात काय लिहिलं असेल याचा मी फार विचार केला आहे. कदाचित तिने आमच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिलं असेल, आणि तपासणाऱ्याने उत्तर प्रश्नाला धरून नाही म्हणून आडवी रेघ मारली असेल.

माय गेली, भाऊ गेले, मिरच्यांची खोली पाडून तिथे भाऊंच्या धाकट्या पुतण्याने गाडी उभी करायला जागा केली. पाडताना कोनाड्यातला तो कप फुटला, असं त्याने फोनवर सहज सांगितलं. माझ्याकडे आता त्या दिवसांचं काही उरलेलं नाही, फक्त कपाटात, उन्हाळी कपड्यांच्या खाली, दोन वह्या आहेत. एक माझ्या अक्षरात, एक तिच्या. दशक पूर्ण आहे. दोन्ही वह्या माझ्याकडेच आहेत.